पेडगावच्या रानातली पायरी

परभणीला फिरायला कोण जातं, असं मला कराडमधून निघताना बऱ्याच जणांनी विचारलं. मी फिरायला निघालेच नव्हते, भांडायला निघाले होते. आणि ज्यांच्याशी भांडण होतं ते परभणीत नव्हेत, पुण्यात बसले होते. तरीही परभणीकडचं रान मी पाहिलं, तिथलं जेवले, तिथल्या भेगेत जीपची चावी घालवली. ज्यांना तिकडे जायचं कधी सुचलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी भांडण सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

मी लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करत वर आले. पुढे ड्रोन घेतला, नवरा-नवरीवर वरून फुलं पाडली, आणि एक दिवस माझ्या ध्यानात आलं की लग्नं हंगामात असतात, जमीन मात्र बारा महिने असते. मग लायडरचं यंत्र घेतलं. ते ड्रोनच्या पोटाला बांधायचं. ते वरून जमिनीवर लेझरचे ठिपके मारतं आणि ठिपका परत यायला किती वेळ लागला त्यावरून उंची काढतं. संगणकावर झाडं, पीक, गवत पुसून टाकलं की खालची उघडी जमीन समोर येते. भूकंपाचा अभ्यास करणाऱ्यांना हेच हवं असतं. जमिनीतला तडा हलला की वर पायरी राहते. नाहीतर तड्यावरून जाणारा ओढा, वाट, कुंपण तिथंच मोडून बाजूला सरकतं. किती सरकलं ते मोजलं की भूकंप केवढा होता त्याचा अंदाज येतो.

गेल्या वर्षी पुण्यातल्या एका भूशास्त्राच्या सरांसाठी मी परभणीजवळच्या पेडगावच्या रानावर ड्रोन उडवला. आकृतीत एक पायरी उमटली. वीतभर उंच, पूर्व-पश्चिम, सलग पाच-सहा शेतांतून गेलेली. सरांनी ती पाहिली आणि जिथे बसतील तिथे सांगत सुटले, "ती पायरी जमिनीत नाही, बाईंच्या मशीनमध्ये आहे." ड्रोन पट्ट्यापट्ट्यांनी उडतो. दोन पट्टे उंचीला जुळले नाहीत तर मध्ये खोटी पायरी दिसते, शिवण चुकल्यासारखी. सरांच्या मते ही तसली शिवण होती. मी शिवण चुकणारी बाई नाही. पण सरांचं वाक्य माझ्या जीपपेक्षा वेगानं फिरलं. मोजणीची कामं यायची थांबली आणि या धंद्यात माझं नाव "त्या लग्नवाल्या बाई" असं झालं.

अशात मृणाल नावाच्या एका तरुण भूशास्त्रज्ञ बाईचा फोन आला. तिनं सरांकडेच शिकून डॉक्टरेट घेतली होती. तिला ती पायरी स्वतः पाहायची होती. मी म्हटलं, "मशीन माझं, जीप माझी. तुम्ही फक्त डोळे आणा, आणि जे दिसेल ते सरांना सांगा."

"काय दिसेल ते आत्ताच सांगता येणार नाही," ती म्हणाली.

पुढचे सगळे दिवस मी हे वाक्य ऐकलं. चहा गोड झालाय का, असं विचारलं तरी ती जरा थांबायची. आयुष्यभर मी भाव करत आलेली, आणि सोबतीला आली किंमतच न सांगणारी दुकानदारीण.

परभणी

सकाळी स्टेशनसमोरच्या हॉटेलात मालकानं विचारलं, "सुशीला देऊ का?" मृणाल चपापली. सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा पोह्यांसारखा प्रकार, वर शेंगदाणे आणि लिंबू. आमच्याकडे चुरमुरे भिजले की फेकून देतात. इथे त्यांना बाईचं नाव देऊन बशीत घालतात, आणि लागतातही झकास. मी दोनदा मागून घेतली.

आम्ही भूकंपाच्या कामाला आलोय म्हटल्यावर मालक गल्ला सोडून टेबलाशी आला. "तिकडं हिंगोलीकडं जमीन हलली की आमच्या इथं पंखे हलायलेत. लोकं घरातून पळून रोडवर यायलेत आन् मोबाईल काढायलेत."

मी मूळची पाटणची. कोयनेच्या कुशीत वाढले. आमच्याकडे फळीवरची भांडी वाजली की बाई उठून ती मागे सरकवते आणि परत भाकरी थापायला बसते. मी त्याला तसं सांगितलं तर तो म्हणाला, "तुमाला सवय हाय. आमाला आता लागायलीय." बिल मात्र मी कमी करून घेतलं. पंखे हलण्याशी त्याचा काही संबंध नव्हता, हाताला सवय असते.

पेडगाव

फाल्गुन उतरला होता. ज्वारी निघालेली, कडब्याच्या गंजी लागलेल्या, आणि काळं रान उघडंबोडकं पडलेलं. माझ्या यंत्राला यापेक्षा चांगला मुहूर्त नव्हता. पण त्या रानाच्या भेगा! मनगट जाईल एवढ्या रुंद, आणि खाली किती खोल ते त्या भेगेलाच ठाऊक. जमिनीतला एक तडा शोधायला आम्ही कराडहून आलो, आणि इथे अख्खं रानच फाटून पडलेलं. मृणालनं समजावलं की हे तडे उन्हानं माती आकसून पडतात, पाऊस पडला की मिटतात, भूकंपाशी यांचा संबंध नाही. तिनं एवढं ठाम काही सांगितल्याचं मला बरं वाटलं. मी जीपला कुलूप लावलं, ड्रोनची पेटी उचलली, आणि हातातली चावी सटकून सरळ त्या संबंध नसलेल्या तड्यात गेली.

मी त्या भेगेला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते ऐकून शेजारच्या शेतातून एक माणूस आला, पन्नाशीचा, डोक्याला टॉवेल. आधी त्यानं ड्रोनकडे पाहिलं. मग मोठ्यानं हाक मारली, "अण्णा, रोडवाले आले बघा परत." बघता बघता धुऱ्यावर आठ-दहा जण जमले. धुरा म्हणजे शेताचा बांध. या भागातून मोठा रस्ता जाणार अशी हवा होती आणि ड्रोन दिसला की लोकांना आपली जमीन गेलीच असं वाटत होतं. दोन बायांच्या हातात तर तुरीच्या वाळक्या तुराट्या होत्या.

"कुणाला इचारून मोजायलात?" एक थोराड म्हातारा पुढे आला. हेच अण्णा, लिंबाजीअण्णा.

"रस्तेवाले असल्या जीपमधनं येत्यात का ओ?" मी म्हटलं. "बंपर तारेनं बांधलाय, बगा की जरा. आणि चावी भेगेत घालून बसत्यात का?"

सगळ्यांनी बंपर पाहिला. मग चावी कुठं पडली ते पाहायला वाकले. टॉवेलवाल्यानं विहिरीच्या मोटारीची जाड तार आणली, टोकाला आकडा केला, भेगेजवळ पालथा झोपला आणि बराच वेळ खरवडून चावी वर काढली. त्याचं नाव दत्तराव. अण्णांचा चुलतभाऊ. दोघांची शेतं एकमेकांना लागून, मध्ये उत्तर-दक्षिण धुरा. अण्णांचं शेत पश्चिमेला, दत्तरावांचं पूर्वेला. ते एकमेकांशी बोलत होते, पण समोरचा तिथे नाही असं समजून.

आम्ही भूकंपाची खूण शोधतोय हे कळल्यावर अण्णांचा चेहरा उजळला. "मग बरोबर जागी आलात. ह्या धुऱ्याला बघा. वर सरळ हाय, आन् इथून खाली दोन हात सरकलाय. भूकंपानं."

"भूकंप बी मोठा हुशार," दत्तराव आभाळाकडे बघत म्हणाले. "सरकवला तो नेमका माझ्याच रानात. अण्णाकडं चुकून बी गेला न्हाई."

मृणालच्या डोळ्यांत मात्र चमक आली. आकृतीतली पायरी धुऱ्याला जिथे छेदत होती, नेमका तिथेच धुरा वाकला होता. पुस्तकात भूकंपानं सरकलेल्या कुंपणाचं चित्र असतं, हुबेहूब तसा. ती गुडघ्यावर बसली, फीत लावली, फोटो काढले. "फॉल्ट आहे? भूकंपाचा तडा?" मी विचारलं. "आत्ताच सांगता येणार नाही," ती म्हणाली. पण फीत पुन्हा एकदा लावली.

त्या दिवशी मी गेल्या वर्षीसारखा ड्रोन उडवला नाही. तेव्हा पूर्व-पश्चिम पट्टे घेतले होते, आता उत्तर-दक्षिण घेतले. पायरी शिवणीची असेल तर पट्ट्यांबरोबर फिरेल. जमिनीतली असेल तर जागची हलणार नाही. मधे मेंढ्यांचा एक कळप ड्रोनला बिचकून थेट दत्तरावांच्या हरभऱ्याच्या गंजीत घुसला. मेंढ्यांमागून आलेल्या बाईनं मला जे ऐकवलं, त्यात माझ्यासाठी नवे शब्द होते. मी मनातल्या मनात पाठ करून घेतले.

संध्याकाळी अण्णांच्या ओसरीवर लॅपटॉप उघडला. पायरी होती तिथेच. पट्टे आडवे केले, उभे केले, पायरी तसूभरही हलली नाही.

"बगा," मी म्हटलं. "लावा सरांना फोन."

"पायरी जमिनीत आहे, हे खरं," मृणाल म्हणाली. "पण ती कशानं झाली ते सांगता आलं नाही, तर सर म्हणतील मशीन दुसऱ्यांदा चुकलं. इथे चर खणायला हवा. खालचे थर तुटलेत का ते पाहायला हवं."

माझा संताप झाला, पण ती बरोबर होती. सर असंच म्हणणार, हे मलाही माहीत होतं.

तेवढ्यात अण्णांच्या पत्नी कमलकाकू ताटं घेऊन आल्या. ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी आणि येसर आमटी. येसर म्हणजे धान्य, डाळ आणि मसाले भाजून दळलेलं पीठ, ते आमटीत पडतं आणि आमटीला एक खमंग वजन येतं. आमच्या कराडकडचा रस्सा तुम्हाला घाम फोडतो, ही आमटी तुम्हाला बसवून ठेवते. मी तिसरी भाकरी घेतली तेव्हा काकू म्हणाल्या, "थोरल्या म्याडम जेवतेत चांगल्या. धाकट्या इचार करायल्यात." मोठा आवाज आणि जीप माझी, म्हणून अख्ख्या गावानं मला मुख्य शास्त्रज्ञ धरलं होतं. मी ती चूक दुरुस्त केली नाही.

मारुतीच्या पारावर

चर खणायचा तर पायरी धुऱ्याला छेदते तिथे, म्हणजे धुऱ्याच्या दोन्ही अंगाला. दोघा भावांची परवानगी लागणार. सकाळी पारावर बैठक बसली.

अण्णा म्हणाले, "खणा. पण आधी लिहून द्या, धुरा भूकंपानं सरकला म्हणून."

दत्तराव म्हणाले, "खणा. पण आधी लिहून द्या, अण्णाच्या नांगरानं सरकला म्हणून."

मृणाल म्हणाली, "आत्ताच काही लिहून देता येणार नाही."

हा धुरा कोरण्याचा प्रकार आमच्याकडेही आहे. दर पेरणीला नांगराचं एक तास, म्हणजे एक चरी, शेजाऱ्याच्या बाजूला सरकवायचं. एका सालात कळत नाही, एका पिढीत हातभर रान वाढतं. पकडला गेलेला माणूस आमच्याकडे बैलावर ढकलतो. भूकंपावर ढकलणारा मी पहिल्यांदा पाहिला, आणि मला त्याचं कौतुक वाटलं.

बराच वेळ दोघे आभाळाशी बोलत राहिले. मग अण्णांनी अचानक आवाज उतरवला. "जाऊ द्या. घरातली गोष्ट. एक हात सोडतो मी. खणूच नका."

दत्तरावांनी खाली मान घातली. एक हात. ते कबूल होणार हे मला त्यांच्या खांद्यांवरून दिसलं. जन्मभर सौदे केलेत, समोरचा कधी वाकतो ते मला आधी कळतं. आणि ते दोघे तिथेच मिटवून उठले असते, तर माझी पायरी पुढची पन्नास वर्षं मशीनमध्येच राहिली असती.

"दत्तराव," मी म्हटलं, "दोन हात गेलेत आणि एकावर उठताय? अण्णांना जर भूकंपाची खात्री आहे, तर ते एक हात तरी का सोडत्यात?"

दत्तरावांचे खांदे वर आले. मृणालनं माझ्याकडे असं पाहिलं की मला दुसरीकडे बघावं लागलं. दोन भावांची तडजोड मोडणं काही चांगलं काम नव्हे. पण मी तिथे पुण्य कमवायला गेले नव्हते.

मग मी भाव लावला. चर खणायचा. खालचे थर तुटलेले निघाले तर भूकंप खरा, धुरा आहे तिथेच राहील, दत्तरावांनी पुन्हा तोंड उघडायचं नाही. थर अखंड निघाले, तर अण्णांनी दोन्ही हात सोडायचे. अण्णांना मागे हटता येईना, सगळं गाव पाहत होतं. पुजाऱ्यानं ताटलीत बेल आणि भंडारा आणला. दोघांनी शपथेचा बेलभंडारा उचलला. "मंजूर," अण्णा म्हणाले. "मंजूर," दत्तराव म्हणाले. कितीतरी दिवसांनी ते एकमेकांकडे बघून बोलले असणार.

चर

जवळच्या पिंगळीहून जेसीबी आला. त्याच्या मालकाशी भाव करताना माझा आवाज पारापर्यंत गेला, असं नंतर कळलं. दुपारपर्यंत डोक्याइतका खोल चर झाला आणि मृणाल खाली उतरली. ती खुरप्यानं भिंत खरवडत होती, थरांवर रंगीत खिळे ठोकत होती. वर धुऱ्यावर अण्णा एका बाजूला, दत्तराव दुसऱ्या बाजूला. मी मध्ये. उन्हानं डोकं तापलं होतं.

खाली पिवळसर मुरूम, वर काळी माती. दोन्हींमधली रेघ चराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेली होती. पायरीच्या बरोबर खालीही सरळ. कुठे तुटली नव्हती. पण त्या काळ्या मातीवर, पायरीच्या जागी, माती आणि मुरूम कालवलेला एक पसरट ढीग होता. मृणालनं त्यात खुरपं घातलं आणि खणकन वाजलं. गंजून कागदासारखं झालेलं घमेलं निघालं.

"भूकंप घमेलं वापरत नाही," मी म्हटलं.

अण्णा चराच्या काठावर बसले. "माय इथं कामाला व्हती," ते म्हणाले. "दुष्काळात. सरकारनं पाणी अडवायला आडवा बांध घातला व्हता, साऱ्या रानातून. ह्या घमेल्यानं माती टाकायच्या बाया. आमी लेकरं कामावर वाटलेली सुकडी खायला यायचो."

"मागून आपल्याच बापांनी ट्रॅक्टर लावून मोडला की तो," दत्तराव म्हणाले. "दोघांनी मिळून. रान वाया जायलंय म्हणून."

म्हणजे हा सगळा प्रकार असा. बांध मोडला, पण त्याचा पाया वीतभर उरला. उभ्या माणसाला तो दिसत नव्हता, माझ्या यंत्राला दिसला. त्या बांधाच्या वरच्या अंगाला भावांच्या धुऱ्यावर बाभळी आणि दगड होते, तिथे नांगर चालत नव्हता. खालच्या अंगाला धुरा नुसत्या मातीचा, तिथे अण्णांचा नांगर मोकळा. म्हणून धुरा नेमका पायरीपाशीच वाकलेला. भूकंपाची अशी बिनचूक नक्कल एका कुटुंबानं दोन पिढ्यांत करून दाखवली होती.

अण्णांना दुष्काळाचा बांध त्या क्षणी आठवला की आधीपासून आठवत होता, हे मी विचारलं नाही. सौदा झाल्यावर मालाची उलटतपासणी करू नये.

संध्याकाळी मृणालनं सरांना फोन लावला, मोठ्या आवाजावर, मला ऐकू येईल असा. फॉल्ट नाही, जुन्या बांधाचा पाया आहे, तिनं सांगितलं.

"म्हणजे तिथे काही नव्हतं," सर म्हणाले. "मी तेच तर म्हणत होतो."

माझ्या हातातला पेला मी कसा खाली ठेवला ते मलाच माहीत. मी फोन हिसकावणार, तेवढ्यात मृणाल बोलली. "नाही सर. तुम्ही म्हणाला होता पायरी मशीनमध्ये आहे. पायरी जमिनीत होती. मशीन बरोबर होतं. मी लेखात तसं लिहिणार आहे, बाईंच्या नावासकट."

मग सरांनी हवापाण्याची चौकशी केली आणि फोन ठेवला. ते माफी मागणार नाहीत, हे मला कळलं. पण किंमत न सांगणाऱ्या दुकानदारणीनं किंमत सांगितली होती. तिला तिचा फॉल्ट मिळाला नव्हता, तरीही.

निघायच्या दिवशी

जीपमध्ये सामान भरत होतो, तर दोघे भाऊ समोर. धुरा आजच घालायचा होता, आणि तो माझ्या मशीनच्या नकाशावरूनच. भूमापनवाला नको, तलाठी नको. नकाशात खालच्या शेतात जुन्या धुऱ्याची पुसट रेघ उरली होती, जेमतेम बोटभर उठलेली. मी नकाशातली जागा रानात दाखवणारा जीपीएसचा रॉड घेऊन त्या रेघेवर जागा दाखवत गेले, दत्तराव चुना टाकत गेले, अण्णा खुंट्या ठोकत गेले. कमलकाकू दगडांची पाटी घेऊन मागून.

शेवटची खुंटी ठोकताना अण्णा थांबले. "म्याडम, एक इचारू? ह्या मशीनीत चूक किती धरायची?"

गेलं वर्षभर मला हे ज्यानं ज्यानं विचारलं, त्याच्यावर मी ओरडले होते. काहीच नाही, असं म्हणत आले होते.

"चार बोटं," मी म्हटलं. "इकडं चार, तिकडं चार."

"मग ती चार बोटं अण्णाकडून धरा," दत्तराव म्हणाले.

"का म्हणून माझ्याकडून? दोन हात दिले की."

"कुठल्या बाजूला असेल ते सांगता येणार नाही," मृणाल म्हणाली, आणि तिचं ते वाक्य पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडलं.

मग अण्णांनी खुंटी उपटली, तिच्या जागी दोन ठोकल्या. एक चार बोटं अलीकडे, एक चार बोटं पलीकडे. मधल्या पट्टीत कुणी नांगर घालायचा नाही. माझ्या मशीनची चूक त्या दोघांनी निम्मी-निम्मी वाटून घेतली, आणि कमलकाकूंनी पाटी खाली ठेवून त्या पट्टीवर दगड रचायला सुरुवात केली.